पिपचं वजन

सगळ्यात आधी कळलं ते जनावरांच्या डॉक्टरांना.

ॲथलोनमध्ये तेव्हा सगळं बंद होतं,
शाळा, पब, चर्च, हर्लिंगचं मैदान.
शॅनन तेवढी पुलाखालून वाहत होती,
तिला कुणी परवाना मागितला नव्हता.
घरापासून दोन किलोमीटर, असा हुकूम.
बाबांनी फ्रिजवर नकाशा चिकटवला,
कंपासनं वर्तुळ काढलं,
आणि म्विरन, माझी बहीण, त्या रेषेवरून पळायला लागली.
आधी सकाळी. मग दिवेलागणीलाही.
आई कुंपणावरून शेजाऱ्यांना सांगायची,
"घरात एकीनं तरी काही मनावर घेतलंय."
कौतुकानं. आम्ही सगळेच कौतुकानं.

मी अकरा वर्षांचा. मला टेबलाखालचं दिसायचं.
वर आकड्यांचं बोलणं चालायचं,
आज किती नवे, आज किती गेले,
आणि खाली तिचा हात उतरायचा,
मुठीत सॉसेज, बटाटा, लोणी लावलेला ब्रेडचा तुकडा.
हा घास कुणाचा, तो घास कुणाचा?
आमच्याकडे सगळे घास पिपचे.
ती माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायची
आणि मला वाटायचं, एवढ्या कंटाळ्यात
निदान एक गुपित आहे,
आणि त्यात मला घेतलंय.

वर्ग पडद्यावर भरायचा, चौकोनाचौकोनांत,
आणि तिच्या वाट्याला तिचाच चेहरा यायचा,
दिवसाचे चार तास.
बाई भूमिती शिकवायच्या,
ती स्वतःच्या गालांची मापं घेत बसायची.
एक दिवस तिनं कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.
बाईंना वाटलं, नेट गेलं.

मे सरता सरता पिप लंगडायला लागला.
दवाखान्यात आत जायची मुभा नव्हती.
मास्क लावलेली एक मुलगी गाडीपाशी आली,
त्याला उचलताना "बाप रे" म्हणाली.
पाऊण तासानं डॉक्टर स्वतः बाहेर आले,
लांब उभं राहून ओरडले,
"पाय ठीक आहे. वजन वाढलंय, अडीच किलो.
एवढ्याशा टेरियरला अडीच किलो म्हणजे, बाई,
घरात कुणीतरी आपलं ताट याला देतंय."

आई हसली. मग ते हसू तसंच राहिलं,
घरात न्यायचं विसरलेल्या दोरीवरच्या कपड्यासारखं.
तिनं किल्ली फिरवली नाही.
आरशातून मागे माझ्याकडे पाहिलं.
"काहल," म्हणाली. एवढंच.
मी खिडकीची काच खाली केली, वर केली, खाली केली,
मग सांगून टाकलं.

म्विरन अख्खा उन्हाळा माझ्याशी बोलली नाही.
माझ्या दारावर पेन्सिलीनं "चुगलखोर" लिहिलं,
ते मी अजून पुसलेलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे.
खाटेसाठी रांग. मग डब्लिन. आत एकच माणूस,
म्हणून आई आत, आणि बाबा खाली गाडीत,
मांडीवर डबा, झाकण न काढलेला.
नर्स म्हणाली, यंदा अशा मुली फार येताहेत. मुलगेही.
रात्रीच्या बातम्यांत त्यांचा आकडा
मी तरी कधी ऐकला नाही.

आता वर्तुळ नाही. नकाशा काढला तेव्हा
फ्रिजवर टेपच्या चार खुणा राहिल्या.
ती कॉर्कला शिकते, रविवारी फोन करते.
बरी आहे का? काही रविवारी आहे.
"काय खाल्लंस" असं विचारायचं नसतं,
आम्हाला शिकवलंय तसं.
मी विचारतो, "पिपला काय सांगू?"
पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
"सांग, टोस्ट. दोन्ही तुकडे.
म्हणावं, तुला काही उरलं नाही."

पिप म्हातारा झालाय, बारीकही.
जेवणाच्या वेळी अजून
तिच्या रिकाम्या खुर्चीखाली जाऊन बसतो.